चिंतामणीच्या दारी : ईश्वरावरील भरवसा आणि मनुष्याचे कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव श्रीचिंतामणी गणेशाचे क्षेत्र म्हणून सर्व विदर्भात प्रसिद्ध आहे. चक्रावती नदीच्या काठी वसलेल्या या क्षेत्रातील देवालय जमिनीच्या पातळीखाली आहे. इतर बहुतेक तीर्थस्थानी भाविक पायऱ्या चढून देवापाशी जातो. येथे मात्र तो पायऱ्या उतरून श्रींच्या चरणांपाशी येतो. गाभाऱ्याजवळ जलकुंड आहे आणि काही वर्षांच्या अंतराने या कुंडातील पाणी आपोआप वाढून श्रींच्या चरणांना स्पर्श करते व मग ओसरते, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

‘चिंतामणी’ या नामाचे दोन अर्थ भाविकांच्या मनात एकत्र नांदतात. शास्त्रीय अर्थाने चिंतामणी म्हणजे चिंतिलेली वस्तू देणारे रत्न. लोकव्यवहारात मात्र चिंतामणी म्हणजे चिंता हरण करणारा देव. वरवर पाहता हे दोन्ही अर्थ एकच वाटतात; परंतु थोडा विचार केला असता त्यांतील अंतर ध्यानात येते. पहिल्या अर्थी देवाने आपली इच्छा पुरवावी अशी अपेक्षा आहे. दुसऱ्या अर्थी देवाने आपल्या मनावरील भार उतरवावा अशी विनवणी आहे. इच्छा पूर्ण होऊनही चिंता न सुटलेली माणसे पुष्कळ आढळतात, आणि इच्छा अपुरी राहूनही निश्चिंत झालेली माणसेही कधी कधी भेटतात. देवावर भरवसा ठेवावा असे सर्व संत सांगतात. पण तो भरवसा यांपैकी कोणत्या अर्थाने ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मृग नक्षत्राच्या तोंडावर पेरणीची चिंता घेऊन शेतकरी देवदर्शनास येतो. परीक्षेची चिंता घेऊन विद्यार्थी येतो. मुलीच्या लग्नाची, रुग्णालयात असलेल्या मुलाची, बँकेच्या थकलेल्या हप्त्याची चिंता घेऊन आईबाप येतात. प्रत्येकाच्या ओठांवर शब्द निरनिराळे असतात, पण मागणे एकच असते : ‘देवा, सांभाळ.’ या एका शब्दात देवाचा वाटा किती आणि माणसाचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाच कारणे

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील माणसाला ही पाच कारणे समजण्यास कोणत्याही भाष्याची आवश्यकता नाही. अधिष्ठान म्हणजे शेत. कर्ता म्हणजे शेतकरी. करण म्हणजे बैलजोडी, वखर, बियाणे आणि अवजारे. चेष्टा म्हणजे नांगरणीपासून वेचणीपर्यंतची निरनिराळी कष्टाची कामे. आणि दैव म्हणजे वेळेवर येणारा किंवा न येणारा पाऊस.

या गणनेत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गीतेने दैव नाकारलेले नाही. जो मनुष्य म्हणतो की माझ्या कर्तृत्वानेच सर्व काही घडते, त्याला गीता सांगते की एक कारण तुझ्या हाती नाही. जुलै महिन्यात तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले की हे सत्य शिवारातल्या प्रत्येकास उमगते. दुसरी गोष्ट अशी की, दैवाला गीतेने पाचवे स्थान दिले आहे. पहिली चार सांगून झाल्यावर त्याचे नाव घेतले आहे. जो मनुष्य पहिल्या चारांकडे पाठ फिरवून पाचव्याच्या भरवशावर बसतो, तो देवावर श्रद्धा ठेवतो असे म्हणता येत नाही. तो देवाच्या माथी आपले काम लादतो.

गीतेच्याच नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन दिले आहे. या आश्वासनाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, मग मनुष्याने काही करण्याचे कारणच काय? आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात योगक्षेम या शब्दाची फोड केली आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण हा क्षेम. पुढे तेच एक शंका उपस्थित करतात. भगवंत इतर भक्तांचा योगक्षेम वाहत नाहीत काय? आचार्यांचे उत्तर असे की, वाहतातच. परंतु इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही प्रयत्न करीत असतात आणि अनन्य भक्ताला स्वतःसाठी म्हणून काही करावयाचे उरतच नाही. घरसंसार, लेकरेबाळे आणि गुरेढोरे असलेल्या गृहस्थाने आपण या दोहोंपैकी कोण, हे प्रामाणिकपणे ओळखावे. ज्याला स्वतःसाठी अजून पुष्कळ हवे आहे, त्याने प्रयत्न सोडून देणे ही अनन्यता नव्हे.

हेच आश्वासन भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले आहे, ही गोष्ट अनेकांच्या घरातील विम्याच्या कागदावर पाहावयास मिळते. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या या महामंडळाच्या चिन्हात दोन हातांच्या ओंजळीत जपलेली ज्योत आहे. देवाने दिलेले वचन माणसांनी एकमेकांसाठी थोडी थोडी पुंजी साठवून आपल्या परीने पाळावे, असा एक अर्थ त्या चिन्हातून सहज निघतो. ज्योत देवाची असली तरी वाऱ्यापासून तिला आडोसा करणारे हात माणसाचेच आहेत.

२०१७ चा पावसाळा

हा विचार केवळ पोथीतला नाही. यवतमाळ जिल्ह्याने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत अशा रुग्णांची रीघ लागली होती. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला होता. शासनाने त्या वर्षी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीइतकी वाढली होती. त्यामुळे फवारा पायांखाली न पडता तोंडावर व छातीवर येत होता. निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती. तोंडावर मुखपट्टी नाही, हातांत हातमोजे नाहीत, अंगात रोजचाच सदरा, अशा स्थितीत दमट हवेत तासन्‌तास काम चालत होते. फवारणी करणाऱ्यांपैकी कितीतरी जण रोजंदारीचे मजूर होते. शेत त्यांचे नव्हते, औषधाची निवड त्यांची नव्हती, डब्यावरचा बारीक मजकूर त्यांना वाचता येईलच याची शाश्वती नव्हती.

ही माणसे देवभोळी होती. यांतील अनेकांनी त्या सकाळी शेतात पाऊल टाकण्यापूर्वी काळ्या आईला आणि आपल्या कुलदैवताला हात जोडले असतील. मग देवाने त्यांना का राखले नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील, आणि तो दडपून टाकणे योग्य नाही. या प्रश्नाला दोन उत्तरे सहज दिली जातात. एक म्हणजे, त्यांची श्रद्धा कमी पडली. दुसरे म्हणजे, त्यांच्या दैवातच तसे होते. ही दोन्ही उत्तरे नाकारली पाहिजेत.

पहिले उत्तर निर्दय आहे. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला त्या घरी जाऊन त्याच्या भक्तीचे माप काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. संकटातून वाचलेला तो श्रद्धावान आणि न वाचलेला तो श्रद्धाहीन, असे मानले तर संतांच्या चरित्रांचाच अर्थ लागणार नाही. संत तुकाराम महाराजांच्या घरी १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात पत्नीचा व मुलाचा मृत्यू झाला. त्यावरून त्यांच्या भक्तीत उणीव होती असे कोण म्हणेल? दुःख हा श्रद्धेच्या परीक्षेचा निकाल नव्हे.

दुसरे उत्तर वरवर नम्र वाटते, म्हणून ते अधिक फसवे आहे. हातमोजे न मिळणे हे दैव नव्हे. कोणते औषध कशात मिसळू नये हे मजुराला कोणी न सांगणे, हेही दैव नव्हे. पाऊस माणसाच्या हाती नाही म्हणून त्याला दैव म्हणणे रास्त आहे. परंतु एखादी गोष्ट एका गरीब माणसाच्या हाती नाही, एवढ्यावरून ती कोणाच्याच हाती नाही असे ठरत नाही. ती विक्रेत्याच्या हाती असेल, उत्पादकाच्या हाती असेल, शेतमालकाच्या हाती असेल, शासनाच्या हाती असेल. कापसाला मिळणारा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. पण तो आभाळातूनही पडत नाही. माणसांच्या कसुरीला दैवाचे नाव दिले की कसूर करणारा मोकळा होतो आणि देवावर मात्र विनाकारण आळ येतो.

देवाच्या दारातही

यात्रेकरूंनी याचे आणखी एक उदाहरण आठवावे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यात वाईजवळील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन २५० हून अधिक भाविकांनी प्राण गमावले. वाट अरुंद व चढणीची होती, गर्दी अफाट होती आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पुढे शासनाने चौकशी आयोग नेमला. हे सर्व भाविक देवीच्या अगदी दारात होते. तिच्या दर्शनासाठीच ते आले होते.

यावरून देवीची कृपा खोटी ठरत नाही. पण कृपा ही कठड्याच्या, रांगेच्या आणि रुंद वाटेच्या ऐवजी नसते, एवढे मात्र ठरते. ‘देवाच्या दारी काही होणार नाही’ हा भाव सुंदर आहे. तोच भाव धरून गर्दीत मागून रेटा देणारा मनुष्य पुढे उभ्या असलेल्या वृद्धेचा जीव धोक्यात घालतो. देवाच्या दारी काही होऊ नये असे वाटत असेल, तर देवाच्या दारी आलेल्या प्रत्येकाने दुसऱ्यास सांभाळावे लागते.

माकडीचे पिलू आणि मांजरीचे पिलू

ईश्वराच्या रक्षणाचा विचार आपल्या परंपरेत फार खोलवर झाला आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात श्रीरामानुजाचार्यांच्या नंतर या प्रश्नावरून दोन मते झाली. एका मताने मर्कटन्याय मांडला, तर दुसऱ्याने मार्जारन्याय. माकडीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते. आई उडी मारते, पण पकड पिलाची असते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही. आई त्याला तोंडात धरून उचलून नेते. भक्ताने देवाला धरावे की देवाने भक्ताला उचलावे, हा तो वाद होय.

व्यवहारात मात्र मनुष्य सोयीप्रमाणे पिलू बदलतो. कष्टाची वेळ आली की तो मांजरीचे पिलू होतो आणि यशाचे श्रेय घेण्याची वेळ आली की माकडीचे. विचारवंत आचार्यांच्या मनात असे काही नव्हते. त्याच संप्रदायात शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत, आणि त्यांचा क्रम मननीय आहे. देवाला जे रुचेल ते करण्याचा संकल्प हे पहिले अंग. त्याला जे रुचणार नाही त्याचा त्याग हे दुसरे. तो रक्षण करील हा विश्वास त्यानंतर, तिसऱ्या स्थानी येतो. मग रक्षक म्हणून त्याचा स्वीकार, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे आणि आपल्या असहायतेची जाणीव, ही उरलेली अंगे होत. आपण बहुधा तिसऱ्या अंगापासून प्रारंभ करतो आणि पहिली दोन विसरतो. ज्याने दुसऱ्याचे धान्य मापात मारले आहे, त्याने रात्री ‘देवा, माझे रक्षण कर’ असे म्हणताना कोणापासून रक्षण मागतो आहोत याचा विचार करावा.

सर्वस्वी शरण जाण्याचे उदाहरण म्हणून कीर्तनकार द्रौपदीची कथा सांगतात. जोवर तिने वस्त्र हाताने धरून ठेवले तोवर भगवंत आले नाहीत. दोन्ही हात जोडले तेव्हा ते धावून आले, असे तिचे निरूपण केले जाते. त्यातील भाव खराच आहे. परंतु महाभारतातील द्रौपदी त्याआधी एक गोष्ट करते, तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती भर सभेत न्यायाचा प्रश्न विचारते. स्वतःला आधीच हरलेल्या धर्मराजाला तिला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. द्रौपदीने देवाचा धावा केला तो विचार सोडून नव्हे. सभेतील सर्व थोर माणसे आपले कर्तव्य टाकून खाली माना घालून बसली, तेव्हा तिने तो केला. त्या कथेत दोषी कोण, हे ठरविताना कोणीही द्रौपदीच्या दैवाकडे बोट दाखवीत नाही.

थेऊरचा धडा

चिंतामणीचेच आणखी एक क्षेत्र पुण्याजवळ थेऊर येथे आहे. थोरले माधवराव पेशवे यांची तेथील चिंतामणीवर निस्सीम भक्ती होती. १७६१ मध्ये, पानिपतच्या पराभवानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे पेशवेपद आले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. माधवरावांचा बराच वेळ जपध्यानात जाऊ लागला व राज्याची कामे खोळंबू लागली. एके दिवशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे कामासाठी आले असता पेशवे ध्यानस्थ होते. शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली. कारण विचारता त्यांनी बजावले की, जपतपच करावयाचे असेल तर आपण दोघेही गंगाकाठी जाऊन राहू. गादीवर बसावयाचे असेल तर प्रजेचे काम हीच पूजा मानावी लागेल. माधवरावांनी हा उपदेश शिरोधार्य मानला.

या कथेचा उत्तरार्ध इतिहासात आहे. माधवरावांना राजयक्ष्म्याने ग्रासले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. देवाने त्यांची प्रकृती बरी केली नाही. ‘इच्छा पुरविणारे रत्न’ या अर्थाने पाहिले तर चिंतामणीने त्यांना निराश केले, असेच म्हणावे लागेल. पण अखेरच्या दिवसांतही राज्यावरील कर्ज फिटावे, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लागावी याचीच तजवीज ते करीत होते आणि आपल्या देवाच्या पायांपाशी राहण्यासाठी ते थेऊरासच आले. भरवसा त्यांनी सोडला नाही आणि कामही सोडले नाही. रोग बरा होणे हा भरवशाचा पुरावा असता, तर असा भरवसा टिकलाच नसता.

नवस आणि देणगी

याच संदर्भात नवसाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. नवस बोलणे ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे आणि तीमागे कृतज्ञतेचा भाव आहे. संकटात बोललेला शब्द सुखाच्या काळात आठवून पाळणे, हे एक संस्कारच होय. परंतु नवस हा सौदा होऊ लागला की त्यातील देव नाहीसा होतो व केवळ व्यापार उरतो. देणगी हा विम्याचा हप्ता नव्हे. मोठी देणगी देणाऱ्याच्या शेतात पाऊस अधिक पडत नाही आणि पाच रुपये पेटीत टाकणाऱ्याची प्रार्थना मागे राहत नाही. ज्या दात्यांच्या साहाय्याने देवालयाची व्यवस्था, अन्नदान व भक्तनिवास चालतात, त्यांचे ऋण प्रत्येक संस्थान मानते. मात्र ते देणे यात्रेकरूंच्या सोयीसाठी असते. देवाला उपकृत करण्यासाठी कोणी देऊ नये.

कर्ज काढून नवस फेडणे तर सर्वथा टाळावे. संत गाडगे महाराजांनी आयुष्यभर आपल्या कीर्तनांतून हेच सांगितले. कर्ज काढू नका, देवापुढे बकरे कापू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, असा त्यांचा उपदेश असे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये देह ठेवलेल्या या संताने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र हाती खराटा घेऊन तीर्थाच्या वाटा झाडल्या. यात्रेत आलेल्या वृद्धास रात्री डोक्यावर छप्पर मिळाले, तेव्हा ‘देवाने सोय केली’ असेच तो म्हणाला असेल. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मग देव कशासाठी

येथे कोणी विचारील की, मदत जर माणसांच्याच हातून यावयाची, काळजी जर आपणच घ्यावयाची, तर देवावर भरवसा ठेवण्याचे प्रयोजन काय? ही शंका प्रामाणिक आहे.

तिचे एक उत्तर तुकाराम महाराजांच्या चरित्रात आहे. त्यांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर लोकांकडील येण्याच्या खतांपैकी निम्मी त्यांनी धाकट्या भावाच्या वाट्यास दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. त्या दिवशी देहू परिसरातील किती घरांची चिंता उतरली असेल! त्या कर्जदारांनी देवाचा धावा केला असेल व देवाने तो ऐकला, असेच त्यांना वाटले असेल. खते बुडविणारा हात तुकोबांचा होता. पण कोणत्याही कायद्याने किंवा व्यवहाराने सांगितले नसताना तो हात का हलला, याचे उत्तर विठ्ठलाला वगळून देता येत नाही. देवाची मदत माणसांच्या हातून येते असे म्हटल्याने देव लहान होत नाही. तो हात आपला असू शकतो, ही जबाबदारी मात्र वाढते.

दुसरे उत्तर खुद्द कळंबच्या क्षेत्रकथेत आहे. गणेशपुराणातील कथेनुसार अहल्येच्या प्रसंगी केलेल्या अपराधामुळे इंद्राला गौतम ऋषींचा शाप भोगावा लागला व त्याच्या सर्वांगावर सहस्र लांच्छने उमटली. पश्चात्ताप झाल्यावर त्याने कदंबपूर क्षेत्री गजाननाची आराधना केली. तेच हे कळंब, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या आराधनेचे फळ काय मिळाले? लांच्छने पुसली गेली नाहीत. त्यांचे डोळे झाले आणि इंद्र सहस्राक्ष झाला. केलेले कर्म व भोगलेले दुःख यांची खूण शरीरावर तशीच राहिली, परंतु जी लाज होती तिची दृष्टी झाली. प्रार्थनेने पुष्कळदा हेच घडते. पीक बुडाले ते परत उभे राहत नाही, गेलेला माणूस परत येत नाही. पण त्या जखमेतून माणसाला दुसऱ्याची जखम दिसू लागते.

तिसरे उत्तर सर्वांत साधे आणि आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत निकडीचे आहे. देवाशी बोलणे म्हणजे चिंता स्वतःपाशी कोंडून न ठेवणे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी व चार लेकरांसह जीवन संपविले. पुढील काळात या दुःखाने सर्व वऱ्हाडास व्यापले. केंद्र शासनाने १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. २०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ व उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केले. योजनांची आवश्यकता आहेच. पण त्यांच्या जोडीला ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल असे कोणीतरी प्रत्येक घरी असणे आवश्यक आहे. जो मनुष्य देवापुढे ‘मला झेपत नाही’ असे म्हणू शकतो, त्याने तेच शब्द घरी पत्नीपाशी, भावापाशी, शेजाऱ्यापाशी, गरज पडल्यास डॉक्टरांपाशी उच्चारण्यास लाजू नये. आणि ज्याच्यापाशी ते उच्चारले जातील, त्याने ‘देवावर भरवसा ठेव’ एवढे सांगून उठून जाऊ नये. त्या क्षणी देवाने त्याच भरवशाने ते काम त्याच्याकडे सोपविलेले असते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजविली, तीमागे हीच दृष्टी होती. एकट्याने केलेल्या प्रार्थनेत शेजारी दिसत नाही. सर्व गाव एकत्र बसले की कोण आला नाही हे ध्यानात येते, आणि न आलेल्याच्या घरी जाऊन विचारपूस करता येते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत त्यांनी देवभक्तीची सांगड गावाच्या सेवेशी घातली, ती याचसाठी.

दर्शनास आलेल्या प्रत्येक भाविकाने आपली चिंता श्रींच्या चरणी अवश्य ठेवावी. पावसाची चिंता तेथेच ठेवून यावी, कारण ती वाहून नेण्याने पाऊस येत नाही. फवारणीची मुखपट्टी, मुलाची औषधे, बँकेतील भेट, अबोल झालेल्या भावाची विचारपूस, या चिंता मात्र परत जाताना कामे म्हणून सोबत न्याव्यात. कुंडातील पाणी श्रींच्या चरणांना लागते तो दिवस मोठ्या आनंदाचा. उरलेल्या सर्व दिवसांचे पाणी विहिरीतूनच ओढावे लागते, आणि ओढणाऱ्या हातांना बळ देणारा देव तोच आहे.

सर्व भाविकांच्या घरी सुखशांती नांदो, आणि कोणाचीही चिंता एकट्याने वाहण्याची वेळ कोणावर न येवो, हीच श्रीचिंतामणीच्या चरणी प्रार्थना.